तीनात एक श्रीपत

आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत सवतीमत्सर म्हणावा असा एकाच घरात आहे, आणि गंमत म्हणजे तो बाईला नाही, बुवाला आहे. बुवाचं नाव दगा. गाव अमळनेरकडचं, पण ताप्ती लाइनच्या गाडीतून मिशी फुटायच्या वयात सुरतेला उतरला तो इथलाच झाला. लूम्सच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कारीगर. अंगानं काटकुळा, चालताना एक खांदा पुढे, आणि कान अर्धे गेलेले, जसे खात्यातल्या सगळ्यांचेच जातात. माणूस निर्व्यसनी, देवभोळा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त श्रीपतचा विषय काढू नये.

श्रीपत भुसावळकडचा. दोघांना खात्यात समोरासमोरची मशीनं मिळाली आणि अर्धं आयुष्य एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात गेलं. त्या खात्याबाहेर माझी चहाची लारी, म्हणजे हातगाडी, होती, म्हणून मला आतलं सगळं ठाऊक. आत इतका खडखडाट की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी कळते. म्हणून तिथे सगळे हातांनी बोलतात. चिमूट फिरवली की धागा तुटला. तळहात उलटा केला की बीम, म्हणजे ताण्याच्या धाग्याचा रूळ, संपला. कान धरला की मास्तर येतोय. आणि अंगठा तोंडाकडे नेला की मी किटली उचलायची. माझ्या कामाची खूण तेवढी एकच, म्हणून ती मी पक्की शिकलो. बाकीच्या पुसट आठवतात.

तर या दगाला श्रीपतची मालकी हवी असते. श्रीपतच्या शेजारच्या मशीनवर एक नवीन ओडिया कारीगर आला, श्रीपतनं त्याला चार दिवस गाठ मारायला शिकवली, तर दगानं चार दिवस डबा घरी परत नेला. श्रीपतचं लग्न झालं तेव्हा हा वरातीत तोंड पाडून चालत होता. काशीबाई, म्हणजे श्रीपतची बायको, अजून सांगते, "आबा, माझ्या लग्नातल्या फोटोत सगळे हसताहेत, एक दगाभाऊ रडताहेत. मला वाटलं, माहेरचं माणूस दिसतंय." चौदा एप्रिलला श्रीपतच्या गल्लीत मोठा कार्यक्रम असतो. दगा इस्त्रीचे कपडे घालून जातो, खीर वाढायला उभा राहतो, आणि संध्याकाळी फुगून परत येतो. का? तर श्रीपत दिवसभर कमिटीच्या पोरांशी बोलत होता.

दगाची बायको उषाबाई मोठी तिखट. श्रीपत दारात दिसला की ती आतूनच विचारते, "मन्ही सवत ऊनी का?" श्रीपतही काही कमी नाही. तो चप्पल काढत म्हणतो, "आली हो थोरल्या बाई, पाणी द्या."

आता आखाजीचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथेच घडलं. आखाजी म्हणजे आम्हा खान्देशी माणसांची अक्षय तृतीया. लेकी माहेरी येतात, झाडाला झोका बांधतात, गाणी म्हणतात, आणि पुरुष माणसं त्या दिवशी पत्ते खेळतात. एरवी पत्त्याला हात न लावणारा भगतसुद्धा आखाजीला मांडी घालून बसतो. गावी जाता आलं नाही त्यांची आखाजी आमच्या सोसायटीच्या टोकाच्या लिंबाखाली. श्रीपतच्या घरी हा सण नाही, पण सतरंजी अंथरली की पहिला तोच हजर.

आमच्यात पैशाचा खेळ नाही. मेंढीकोट. चौघं, प्रत्येकाला तेरा पानं, समोरासमोरचे भिडू. दश्शीला मेंढी म्हणतात, चार मेंढ्यांतल्या जास्त ज्यांच्याकडे त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर हात जास्त कोणाचे ते बघायचं. हरलेल्या जोडीनं अख्ख्या गल्लीसाठी आंब्याचा रस पिळायचा. आणि जिंकलेली जोडी पुढच्या आखाजीलाही तशीच बसणार, ती कोणी फोडायची नाही. दगा आणि श्रीपत ही जोडी कधी फुटलेली मी पाहिली नाही. त्यांना रस पिळतानाही पाहिलं नाही. दगा हा एकच दिवस ताठ बसायचा. वर्षभर श्रीपत जगाचा असला तरी आखाजीला तो समोर बसून फक्त याच्याकडे बघणार, ही त्याची खात्री.

गेल्या वर्षी जवाई आला.

दगाची लेक रंजना, तिचा नवरा योगेंद्र. लग्नानंतरची पहिली आखाजी, म्हणजे जवाईचा मान केवढा ते सांगायला नको. पोरगा चांगला आहे. इच्छापोरच्या एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो. खोक्यातले चार नग काढायचे आणि अख्ख्या खोक्याबद्दल बोलायचं, असं त्याचं शिक्षण. त्यामुळे तो कुठल्याही गोष्टीला 'होईल' किंवा 'नाही होणार' म्हणत नाही, शक्यता किती ते सांगतो. उषाबाईनं विचारलं, "जवाईबापू, अजून एक पुरणपोळी?" तर म्हणाला, "मामी, शक्यता कमी आहे." उषाबाईनं दोन वाढल्या.

जेवण झालं, सतरंजी पडली. दगा आपल्या जागी, श्रीपत त्याच्या समोर, आणि उरलेल्या दोन जागी मी आणि जवाई. तेवढ्यात योगेंद्र अगदी अदबीनं म्हणाला, "मामा, ठरलेल्या जोड्या कशाला? पानं ओढूया ना. दोन लाल, दोन काळी. ज्यांचा रंग जुळेल ते भिडू."

जवाई पहिल्या आखाजीला काही मागतो आणि सासरा नाही म्हणतो, असं आमच्याकडे होत नाही. दगानं श्रीपतकडे बघितलं. श्रीपत लिंबाच्या शेंड्याकडे बघत होता.

"ओढा की," दगा म्हणाला. "जवाईचा शब्द."

मग हळूच मला विचारलं, "आबा, मला श्रीपतच येईल ना?"

मी म्हटलं, "जवाईला विचार, तो शिकलेला."

योगेंद्र म्हणाला, "सोपं आहे मामा. तुमच्या हातात लाल आलं, तर उरलेल्या तीन पानांत लाल एकच. ते तिघांपैकी कोणाकडेही जाईल. श्रीपतकाका तुम्हाला येण्याची शक्यता तीनात एक."

"तीनात एक?" दगाचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं समोर बसतोय आम्ही!"

"पानांना ते माहीत नसतं, मामा."

पानं ओढली. दगाला काळं, मला काळं. श्रीपतला लाल, जवाईला लाल. झोक्यावरून उषाबाई ओरडली, "घ्या! सवत जवाईनं नेली!" बायका इतक्या हसल्या की झोका वाकडा गेला. मी उठून दगाच्या समोर जाऊन बसलो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं जसं कोणी सोयरीक बघायला जावं आणि समोर दुसरीच मुलगी आणून बसवावी.

खेळ सुरू झाला आणि दगाचे हाल बघण्यासारखे झाले. योगेंद्र खेळता खेळता श्रीपतला शिकवायला लागला. "काका, जे पान आपल्याकडे नाही आणि अजून पडलंही नाही, ते तिघांपैकी कोणाकडेही असू शकतं. म्हणजे भिडूकडे तीनात एक, आणि समोरच्या दोघांकडे मिळून तीनात दोन. म्हणून भिडूच्या भरवशावर दश्शी टाकायची नाही."

"तीनात एक," श्रीपत शाळेतल्या पोरासारखा म्हणायचा. मग एक मेंढी जवाईनं अलगद काढली तेव्हा श्रीपतनं मांडीवर थाप मारली. "वा जवाईबापू! काय डोकं चालतं!"

दगाचं पान हातातच राहिलं. मला म्हणाला, "ऐकलंस? वा म्हणाला. मला कधी म्हणाला का तो?"

मी म्हटलं, "तुला म्हणायची गरज नसेल."

"गरज नसेल तरी म्हणायला काय जातं?"

मी त्याची कळ अजून थोडी काढली. खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. "बघ दगा, जोडी शोभते हं. ही जिंकली तर पुढच्या वर्षीही हीच बसणार. नियम तुझाच."

दगाचे कान लाल झाले. "नाही जिंकणार."

"अरे, पण आपण जिंकलो तरी श्रीपत तुला मिळत नाही. पुढच्या वर्षी मग तू आणि मी."

तो दातांतल्या दातांत बोलला, "मला नाही तर नाही. त्याला नको."

दोन डाव झाले, एक त्यांचा, एक आमचा. तिसरा शेवटचा. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. दगा एरवी बेताचा खेळाडू, पण त्या दुपारी तो असा खेळत होता की जणू श्रीपतची पानं काचेची आहेत. श्रीपतकडे चौकट संपली रे संपली की हा चौकटचं मोठं पान दडवून ठेवायचा. श्रीपतकडे किलवरचा राजा असला की हा किलवरला शिवायचासुद्धा नाही. आणि श्रीपत? तो पानांत डोकं खुपसून बसलेला. त्याचा डावा हात मात्र मांडीवर स्वस्थ नव्हता. मला वाटलं, मच्छर असतील.

शेवटच्या डावात प्रत्येकाच्या हातात दोन-दोन पानं उरली. तीन मेंढ्या गेल्या होत्या. दोन त्यांच्या, एक आमची. पण हात आमचे जास्त होते, म्हणजे राहिलेली बदामाची दश्शी आमच्याकडे आली तर डाव आमचा. दश्शी दगाच्याच हातात होती, सोबत बदामाची सत्ती. हुकुमाची सगळी पानं पडून गेली होती. दश्शीला खाणारं जगात एकच पान उरलं होतं, बदामाचा एक्का, आणि तो कोणाकडे हे दगाला ठाऊक नव्हतं.

उतारी योगेंद्रची. त्यानं बदामाची नव्वी टाकली. आता दगाची पाळी, त्याच्यानंतर श्रीपत, शेवटी मी. दगानं दश्शी टाकावी आणि एक्का श्रीपतकडे निघाला तर सगळं गेलं. शहाणा माणूस सत्ती टाकून दश्शी झाकून ठेवेल. मीही तेच केलं असतं.

दगानं श्रीपतकडे एकदा बघितलं आणि पापणी न हलवता दश्शी सतरंजीवर आपटली.

श्रीपतकडे बदाम नव्हताच. त्यानं किलवरचं फुटकळ पान टाकलं, मीही फुटकळ टाकलं, आणि दश्शी आमची झाली. योगेंद्रनं आपल्या हातातलं शेवटचं पान उलटं केलं. बदामाचा एक्का! पोरानं सापळा लावला होता. सासऱ्यानं घाबरून सत्ती टाकली असती तर नव्वीनं तो हात जिंकून पुढच्या हाताला एक्क्यानं दश्शी खाल्ली असती.

मी "शाबास!" म्हणून ओरडलो. दगा हसलासुद्धा नाही. तो श्रीपतकडे बघत होता, आणि श्रीपत जवाईकडे.

"मामा," योगेंद्र डोकं खाजवत म्हणाला, "एक विचारू? राग नका मानू. दश्शी टाकताना तुम्ही जराही थांबला नाहीत."

"वाटलं, टाकली."

"आज दुपारी असं चारदा झालं. मी मोजत होतो. चारही वेळा तुमच्यापुढे दोन वाटा होत्या आणि चारही वेळा तुम्ही बरोबर वाट धरली. प्रत्येक वेळी अर्धं-अर्धं धरलं तरी अर्ध्याचं अर्धं, त्याचं अर्धं, त्याचंही अर्धं. सोळात एक."

"मग मी त्या सोळातला एक."

"असाल मामा. पण कारखान्यात एखाद्याचं खोकं दर वेळी चांगलंच निघायला लागलं ना, तर आम्ही माल तपासायचं सोडतो आणि माणूस तपासतो."

जवाईनं सासऱ्याला चोर म्हटलं नव्हतं, पण फार लांबही राहिला नव्हता. रंजना झोक्यावरून उतरली. श्रीपत सारवासारव करायला म्हणाला, "जाऊ द्या जवाईबापू, डाव संपला." आणि 'संपला' म्हणताना त्याचा डावा तळहात मांडीवर सावकाश उलटा झाला.

उषाबाई एवढ्या जोरात हसली की तिला झोक्याची दोरी धरावी लागली.

"अरे देवा! जवाईबापू, त्या हाताकडे बघा! हा हात मी रोज बघते. घरात तेल संपलं की आमचे हे असंच करतात. मीठ संपलं की असंच. तोंडानं बोलतील तर शपथ! बीम संपनं, असं शे ते. खात्यातली भाषा!"

सगळ्यांच्या माना श्रीपतच्या हाताकडे वळल्या. श्रीपतचीही वळली. त्यानं स्वतःच्या हाताकडे असं बघितलं जसं बिऱ्हाडात कोणी पोटभाडेकरू निघावा.

काशीबाई म्हणाली, "अगं बाई, म्हणजे इतकी वर्षं..."

"मी नाही!" श्रीपत ओरडला. "आईची शप्पत, मी काही सांगत नव्हतो! मी तर जवाईच्या बाजूनं खेळत होतो. हातातला बदाम संपला की हात आपोआप... तो हातच बोलतो."

"कोणाशी बोलतो?" उषाबाईनं विचारलं. "भिडू तर जवाई होता. त्याला ही भाषा कुठे येते?"

श्रीपतनं डावा हात मांडीखाली दाबला. आणि दगा! अहो, त्याच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. चोरी पकडली गेलेला माणूस कधी इतका सुखी दिसलाय का? वरातीत रडणारा तो माणूस आता नवरदेवासारखा लाजत होता. "मी काय करू?" तो म्हणाला. "तो माझ्याशी बोलत होता. मी काय डोळे मिटून बसू?"

मला वाटलं मिटलं. पण श्रीपतचा चेहरा पालटला. पानं खाली ठेवून तो दगाकडे वळला, आणि मग कळलं की जळणारा एकटा दगा नव्हता.

"बोलत होतो म्हणे! आणि तू? जवाईनं म्हटलं पानं ओढा, तू लगेच म्हणालास ओढा. एकदा तरी म्हणालास का, की नाही, श्रीपत माझा भिडू आहे?"

"अरे, जवाई! पहिली आखाजी!"

"हो, जवाईला घड्याळ दिलंस, कपडे दिलेस, आणि वर मला दिलंस! बरं, सरळ तरी द्यायचं. तीनात एकावर लावलंस मला!"

"तू तेव्हा झाडाकडे बघत होतास!"

"मग काय तुझ्या तोंडाकडे बघू? तू मला विकायला काढलंस आणि मी गिऱ्हाईक बघू?"

"आणि तू 'वा जवाईबापू' म्हणालास त्याचं काय?"

"तुला ऐकू जावं म्हणूनच म्हणालो, बहिऱ्या! दोनदा म्हणालो!"

रंजना नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं यांचा संसार मोडायला?"

योगेंद्रनं हात जोडले. मग डोकं लढवून त्यानं निकाल दिला. खुणा झाल्या म्हणून हा डाव बाद, जोडी कोणाचीच ठरली नाही. आणि यापुढे पानं ओढायची नाहीत. "कारण दगामामा समोरच्या पार्टीत असले," तो म्हणाला, "तर श्रीपतकाकांचा भिडू हरणार. इथे तीनात एक नाही, सोळात एक नाही, इथे हिशोबच लागत नाही. या दोघांना समोरासमोरच बसवा. फक्त काकांच्या डाव्या हाताला काहीतरी काम द्या."

काम उषाबाईनं दिलं. झोका ओढायची दोरी तिनं श्रीपतच्या डाव्या हातात कोंबली. "धरा सवतबाई. रंजीला झोका द्या. बघू आता कसा हात बोलतो."

पुन्हा बसलो. दगा आपल्या जागी, श्रीपत त्याच्या समोर, एका हातात पानं, दुसऱ्या हातात दोरी. माझा भिडू जवाई, त्याची पाठ झोक्याकडे. दगा ताठ बसला होता. त्याच्याकडे बघून मलाच कसंतरी झालं. एवढी वर्षं मी या माणसांना चहा पाजला, पण कोणाचा हात माझ्यासाठी आपोआप हलला तो फक्त किटलीपुरता. माझ्यावरून कोणी भांडलेलं मला आठवत नाही. जाऊ द्या.

डाव रंगात आला. झोका येत होता, जात होता. मग मध्येच रंजना म्हणाली, "श्रीपतकाका, थांबवलात का?"

"हात दुखला गं," श्रीपत म्हणाला.

दगानं लगेच चौकटची राणी टाकली.

श्रीपतकडे चौकट नव्हती. त्यानं हुकूम मारला आणि माझ्या भिडूची दश्शी त्यांच्याकडे गेली. थोड्या वेळानं झोका परत थांबला, आणि परत एक मेंढी गेली. मला सगळं दिसत होतं. मी जवाईला सांगू शकलो असतो. पण दोघांचे चेहरे बघितले आणि तोंडात सुपारी टाकली.

डाव गेला. जोडी पुढच्या आखाजीपर्यंत पक्की झाली. मी आणि जवाई परातीपुढे बसलो, कोपरापर्यंत रसात. पलीकडे ते दोघं एका खाटेवर, एकमेकांशी अवाक्षर न बोलता, पाय हलवत बसले होते.

योगेंद्र आंबा पिळता पिळता थांबला. "आबा," तो म्हणाला, "रंजनाचा झोका दोनदाच थांबला. दोन्ही वेळा आपली दश्शी गेली. याची शक्यता किती असेल?"

मी म्हटलं, "जवाईबापू, बाठीला रस राहिलाय. नीट पिळा."